साडेचार लाखांत जुनी गाडी: ॲव्हरेज बघू, की पुढचा खर्च बघू?

प्रश्न थोडक्यात असा. पेठ वडगावचे एक शिक्षक, शाळा कोल्हापुरात. रोज जाऊन-येऊन ३८ किलोमीटर, शिवाय वर्षातून दोन-तीनदा गगनबावड्याच्या घाटाने कणकवलीला सासुरवाडी. घरात नवरा-बायको, दोन मुलं आणि गुडघ्यांचा त्रास असलेली आई. बजेट साडेचार लाख. तीन गाड्या बघून ठेवल्यात: २०१६ ची स्विफ्ट डिझेल, ९२ हजार किलोमीटर, ४ लाख १० हजार. २०१७ ची बलेनो पेट्रोल, ६८ हजार, ४ लाख ६० हजार. २०१८ ची वॅगनआर, कंपनीतूनच सीएनजी आलेली, ७४ हजार, ४ लाख. "जास्त ॲव्हरेजची घेऊ की कमी मेंटेनन्सची? डिझेल घेतलं तर पस्तावेन का?"

सर, उद्यमनगरात माझं गॅरेज चालू होऊन सव्वीस वर्षं झाली. रोज कुणीतरी हेच विचारतं, आणि बहुतेकांनी विचारायच्या आधीच ॲव्हरेजचा आकडा बघून मनात गाडी ठरवलेली असते. तुम्ही बयाणा द्यायच्या आधी विचारलंत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आधी तुमचं रनिंग काढू. ३८ किलोमीटर, महिन्याला चोवीस दिवस, म्हणजे ९१२. बाजार, दवाखाना, लग्नकार्यं, कणकवली धरून महिन्याला हजार, वर्षाला १२ हजार. तीनही गाड्यांचा फैसला याच आकड्यावर होतो. हेच रनिंग महिन्याला चारशे असतं, तर मी ॲव्हरेजबद्दल एक ओळसुद्धा लिहिली नसती.

कंपनी जो आकडा सांगते तो प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. तिथे शिरोली फाट्याची गर्दी नसते, एसी नसतो, मागे तीन माणसं नसतात. स्विफ्ट डिझेलचा कागदावरचा आकडा लिटरला २५.२ किलोमीटर आहे, तुमच्या रस्त्यावर २० धरा. बलेनोचा २१.४, तिथे १७ धरा. वॅगनआर सीएनजीचा किलोला २६.६, तिथे २४ धरा. भाव हिशेबापुरते पेट्रोल १०५, डिझेल ९२, सीएनजी ८८ घेतो. पंपावरचा आजचा भाव घालून तुम्ही पुन्हा मांडा, पद्धत तीच राहील.

बलेनोला वर्षाला ७०६ लिटर पेट्रोल, ७४ हजार रुपये. स्विफ्टला ६०० लिटर डिझेल, ५५ हजार. वॅगनआरला ५०० किलो गॅस, ४४ हजार, आणि सीएनजी गाडी स्टार्ट पेट्रोलवर होते, कधी पंपावर गॅस नसतो, म्हणून वर तीन हजारांचं पेट्रोल: ४७ हजार. म्हणजे बलेनो आणि स्विफ्टमध्ये महिन्याला साधारण सोळाशे रुपयांचा फरक, स्विफ्ट आणि वॅगनआरमध्ये सातशेचा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. लिटरला दोन-तीन किलोमीटरचा फरक प्रत्येक गाडीत सारखा नसतो. दहाचं ॲव्हरेज देणारी गाडी सोडून बाराची घेतली, तर १२ हजार किलोमीटरला २०० लिटर वाचतात. अठराची सोडून एकवीसची घेतली, तर तीनचा फरक असूनही वाचतात फक्त ९५ लिटर. म्हणून मोठी जुनी एसयूव्ही घेणाऱ्याने ॲव्हरेजची काळजी करावी. छोट्या गाड्यांमध्ये १८ की २० यावर डोकं शिणवण्यापेक्षा गाडीच्या तब्येतीकडे बघावं. एक क्लच वर्षभराची बचत घेऊन जातो.

आता डिझेलचं. पस्तावाल का? स्विफ्टमधलं १.३ लिटरचं इंजिन मूळ फियाटचं, मारुतीने लायसन्स घेऊन बनवलेलं. टाटा, फियाट, मारुती, सगळ्यांच्या गाड्यांत ते एवढं बसलं की लोक त्याला देशाचं राष्ट्रीय डिझेल इंजिन म्हणायचे. आपल्या पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनत होतं. टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही. गावोगावच्या मेकॅनिकच्या हाताखालून ते गेलंय. एप्रिल २०२० ला बीएस ६, म्हणजे धुराचे कडक नियम आले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या, तरी पार्टची अडचण नाही. तेव्हा इंजिन वाईट म्हणून मी तुम्हाला घाबरवणार नाही.

माझा मुद्दा वयाचा आहे. तुम्ही ती चार वर्षं वापरणार, म्हणजे ९२ हजारांपासून १ लाख ४० हजारांपर्यंतचा प्रवास तुमच्या खिशातून होणार. याच टप्प्यात डिझेल गाडीचा क्लच येतो, इंजेक्टर येतात, टर्बोचे पाइप किंवा खुद्द टर्बो येतो, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीने भरलेला निघतो, इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन धरून ठेवणारे रबर, बसतात. सगळं येईलच असं नाही. माझ्याकडे अडीच लाख किलोमीटर झालेल्या आणि मूळ टर्बोवर चालणाऱ्या गाड्या येतात. पण एक क्लच सेट मजुरीसकट माझ्याकडे बारा ते सोळा हजारांत पडतो. इंजेक्टरचं काम निघालं तर किती हे चार इंजेक्टर उघडल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. पेट्रोलपेक्षा वर्षाची सर्व्हिसही दोन-तीन हजारांनी जास्त. बलेनोच्या तुलनेत स्विफ्ट चार वर्षांत इंधनाचे ७५ हजार वाचवते आणि घेतानाच ५० हजारांनी स्वस्त आहे. एखादं मोठं काम निघालं तरी ती बलेनोपुढे तोट्यात जात नाही. हे मी प्रामाणिकपणे सांगतो, कारण "पेट्रोलच घ्या" असं आंधळेपणाने सांगणारे खूप आहेत. पण वॅगनआरपुढे तिचं गणित जमत नाही. घ्यायला दहा हजार जास्त, इंधनाला वर्षाला आठ हजार जास्त, सर्व्हिसला जास्त, आणि मोठ्या कामाची टांगती तलवार वेगळी.

जाता जाता सांगतो, दिल्लीतल्या दहा वर्षं जुन्या डिझेलच्या बंदीचा धाक घालून इथे कुणी भाव पाडत असेल किंवा चढवत असेल, तर ऐकू नका. तो नियम दिल्ली आणि आसपासचा आहे. आपल्याकडे पंधरा वर्षं झाली की फिटनेस, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर भरावा लागतो. तुम्ही २०१६ ची गाडी चार-पाच वर्षांनी विकायला काढाल तेव्हा ती मुदत जवळ आलेली असेल आणि गिऱ्हाईक तेवढं पाडून मागेल, हा खरा परिणाम.

वॅगनआरकडे वळू. तुमच्या आईच्या गुडघ्यांसाठी ती तीनही गाड्यांत उजवी आहे. सीट उंच, दार उभं, आत बसायला वाकावं लागत नाही आणि उतरताना कुणाचा हात धरावा लागत नाही. हिशेबाच्या वहीत याची ओळ नसते, पण घरात रोज जाणवतं. इंजिन एक लिटरचं, साधं, चेनचं. एक हजार सीसीच्या आत बसतं म्हणून थर्ड पार्टी विम्याचा मूळ दर २०९४ रुपये, बाकी दोघींना ३४१६. वर जीएसटी.

तिचे तोटेही ऐका. डिकीत सिलिंडर आहे, म्हणजे कणकवलीहून आंब्याच्या पेट्या आणायच्या तर वर कॅरिअर लावावा लागेल. गगनबावड्याच्या करूळ घाटात पाच माणसं आणि एसी घेऊन गॅसवर चढताना गाडी दमते, तिथे पेट्रोलवर टाका आणि दुसऱ्या गिअरला चढा. पंपावर रांग लागते. गॅसवर इंजिन तापतं जास्त, म्हणून स्पार्क प्लग, एअर फिल्टर आणि टॅपेटची (व्हॉल्व्हच्या फटीची) तपासणी वेळेवर हवी. टाकीत पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा. पेट्रोलचा पंप टाकीच्या आत असतो आणि पेट्रोलमध्ये बुडालेला राहिला तरच थंड राहतो. टाकी कोरडी ठेवून "गॅसवर तर चालतेय" म्हणणारे लोक पंप जाळून माझ्याकडे येतात.

सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, दर तीन वर्षांनी करावी लागते. २०१८ ची गाडी म्हणजे २०२१ आणि २०२४ ला झालेली असायला हवी. तारखेची प्लेट आणि सर्टिफिकेट बघितल्याशिवाय पुढची बोलणी करू नका. आरसीवर इंधनाच्या जागी पेट्रोल आणि सीएनजी दोन्ही लिहिलेलं असलं पाहिजे. बाहेरून बसवलेल्या किटची नोंद आरसीवर नसेल तर क्लेमच्या वेळी विमा कंपनी हात वर करते.

आणि एक गोष्ट तुम्ही प्रश्नात लिहिलीच नाही, ती माझ्या दृष्टीने ॲव्हरेजच्या आधी येते. रोज हायवेवरून जाणार आहात, गाडीत मुलं असणार आहेत. २०१९ च्या जुलैपर्यंत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची नव्हती आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सगळ्या गाड्यांना त्याच वर्षीच्या एप्रिलपासून आलं. त्यामुळे २०१८ च्या वॅगनआरमध्ये दोन्ही असतीलच असं नाही, ते व्हेरियंटवर होतं. बलेनोमध्ये ते पहिल्यापासून सगळ्या व्हेरियंटना होतं. स्टेअरिंगवर एअरबॅगचं चिन्ह आहे का बघा. चावी फिरवली की मीटरमध्ये एअरबॅगचा आणि एबीएसचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. दिवा लागलाच नाही तर ती गोष्ट गाडीत नाही किंवा कुणीतरी दिवा काढून ठेवलाय. वॅगनआर बिनएअरबॅगची निघाली तर माझा सल्ला बदलतो: ती सोडा आणि २०१९ नंतरची शोधा, महिनाभर थांबावं लागलं तरी चालेल.

बलेनो वाईट नाही. तिघींत रस्त्यावर बसलेली तीच वाटते, डिकी मोठी आहे. पण ४ लाख ६० हजारांत ती तुमच्या बजेटच्या बाहेर आहे, कारण बजेट म्हणजे फक्त गाडीची किंमत नाही. जुनी गाडी घरी आली की पहिल्या महिन्यात इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, बाहेरचा फॅन बेल्ट बदला, आधीच्या मालकाने कालच बदललं म्हटलं तरी. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचे टायर नक्षी चांगली दिसली तरी हायवेला नकोत, आणि चार टायर म्हणजे सोळा-अठरा हजार. बॅटरी, विमा, ट्रान्सफरचा खर्च धरा. चाळीस-पन्नास हजार हातात ठेवून उरलेल्या पैशांतच गाडी बसवा. बलेनोवाला ४ लाख १० पर्यंत उतरला तर विचार करण्यासारखी आहे.

एक छोटी गोष्ट पेट्रोलवाल्या दोन्ही गाड्यांना लागू आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २०१७-१८ च्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. ॲव्हरेज थोडं कमी मिळतं, ते मी वरच्या १७ मध्ये धरलंय. इंधनाचे रबरी पाइप मात्र दर सर्व्हिसला बघायला सांगा.

आता भरवशाचं बोलू. मॉडेलचा भरवसा ही अर्धी गोष्ट आहे. या तिन्ही गाड्यांचे पार्ट निपाणीपासून साताऱ्यापर्यंत कुठेही मिळतात, म्हणून मी तिथे वेळ घालवत नाही. शेवरोलेने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं सांगितलं. त्यांच्या गाड्या स्वस्तात मिळतात आणि चालवायला छान आहेत, पण घ्यायच्या आधी आपल्या गावात त्यांचं काम कोण करतो हे विचारून ठेवावं. उरलेला अर्धा भरवसा त्या एका गाडीचा, तिच्या आधीच्या हातांचा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि शिरोलीला रस्ता बंद झाला, ते तुम्हाला आठवत असेल. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. कोल्हापूर, सांगलीत शेकडो गाड्या पाण्यात उभ्या होत्या. त्यांतल्या काही धुऊन-पुसून, नवे सीट कव्हर घालून बाजारात आल्या. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाने अशीच एक घेतली, एका एजंटकडून. बाहेरून आरशासारखी. सात-आठ महिन्यांनी काचा आपोआप खाली यायला लागल्या, रात्री दारात उभी असताना लॉक उघडझाप व्हायला लागलं. दोन ठिकाणी दाखवून माझ्याकडे आले. ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलला तर खालच्या फोममध्ये वाळलेला गाळ होता, बोटाने चोळला की पावडर होत होती. वायरिंगच्या जोडणीच्या पिना हिरव्या पडलेल्या. पूर्ण वायरिंग बदलायचा खर्च ऐकून ते माझ्या बाकड्यावर बसून राहिले. मुलीच्या लग्नाआधी घेतलेली गाडी होती ती.

म्हणून तुम्ही हे स्वतः करा, कुणाला विचारू नका. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, मुळाशी पाण्याची रेघ किंवा माती आहे का बघा. सीटखालच्या रुळाचे बोल्ट गंजलेत का बघा. स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यात हात फिरवा. गालिच्याचा कोपरा उचलून वास घ्या, गाळाचा वास परफ्यूमखाली लपत नाही.

गाडी बघायला सकाळी सातला जा, आणि गाडी चालू करून ठेवू नका असं आदल्या रात्री सांगून ठेवा. पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवा. गरम असेल तर नमस्कार करून परत या, दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन स्टार्ट होताना जे बोलतं ते नंतर बोलत नाही. पहिल्या दोन-तीन सेकंदांत चेनची खडखड, डिझेलला पांढरा धूर, पेट्रोलला निळसर धूर, आयडलिंगला मिसिंग (उभ्या गाडीत इंजिन अडखळणं), हे सगळं तेव्हाच कळतं. गाडी गरम झाल्यावर चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण सैल करून तसंच ठेवा. ते जोराने उडत असेल आणि धुराचे भपकारे येत असतील तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टनवरचा दाब खाली निसटतोय, इंजिन उघडायला आलंय.

दहा किलोमीटर चालवा, थोडा चढ आणि थोडा खड्ड्यांचा रस्ता बघा. थांबल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल तर ब्रेक पकडून बसलाय. अशी गाडी ॲव्हरेज कमी देते आणि लोक इंजिनाला दोष देतात. मीटरचे किलोमीटर आणि पायाखालच्या पेडलचं रबर जुळतंय का बघा: ९२ हजार चाललेल्या गाडीचं क्लचचं रबर कोरं असेल तर ते नवीन घातलंय, आणि ६८ हजारवाल्याचं गुळगुळीत झालं असेल तर मीटर मागे फिरवलंय. मारुतीच्या कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नंबरावरून जुन्या सर्व्हिसची नोंद निघते, त्यासाठी मालकाला बरोबर घेऊन जा. तयार नसेल तर त्याचं कारण विचारा.

तुमच्या दोन-तीन मित्रांनी निपाणी-बेळगावची गाडी स्वस्त मिळते असं सांगितलं असेलच. मिळते. पण कर्नाटक पासिंगची गाडी इथे आणायची तर एनओसी काढून महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. तो धरून किंमत लावा, मग स्वस्त वाटते का बघा.

माझा क्रम असा: एअरबॅग आणि एबीएस असलेली, सिलिंडरची तारीख बरोबर असलेली, पूर न बघितलेली वॅगनआर पहिली. ती नापास झाली तर भाव उतरवून बलेनो. स्विफ्ट तेव्हाच, जेव्हा सगळ्या सर्व्हिसची नोंद एका जागी मिळेल आणि मालक क्लच कधी बदलला ते बिलासकट दाखवेल. तुमचं रनिंग महिन्याला दोन हजार असतं आणि गावात गॅसचा पंप नसता, तर हा क्रम उलटा असता.

कागदांचं एवढंच. परिवहन खात्याच्या साइटवर चलन आणि बँकेचा बोजा दोन्ही बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही तुमच्यासमोर घ्या. विमा चौदा दिवसांत नावावर करायला टाका. बयाणा पाच हजारांच्या वर देऊ नका, आणि त्या पावतीवर "मेकॅनिकच्या तपासणीत दोष आढळल्यास रक्कम परत" एवढी ओळ लिहून घ्या. वॅगनआरची सिलिंडरची प्लेट बघून आलात की तारीख कळवा. तपासणीसाठी गाडी माझ्याकडे आणायची असेल तर गुरुवारी सकाळी आणा, त्या दिवशी लिफ्ट मोकळी असते आणि खालची बाजू तुम्हाला स्वतःला उभं करून दाखवता येते.